पुण्यात शिकायला येताय? कमी बजेटमध्ये लॅपटॉप असा निवडा

कॅप राउंड संपून कॉलेज नक्की झालं की घरात चार खर्च एकदम उभे राहतात: फी, होस्टेल किंवा कॉट बेसिसवरची रूम, मेस आणि लॅपटॉप. पहिल्या तिन्हींवर आपला फारसा ताबा नसतो, चौथ्यावर असतो. तरीही लॅपटॉप बहुतेक वेळा दुकानदार पुढे करेल तो किंवा मित्राकडे आहे तोच घेतला जातो. लातूर, बीड, सांगली, जळगावहून पुण्यात आलेल्या आणि घरात पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय.

माझं मुख्य सांगणं असं. बजेट कमी असेल तेव्हा, जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे घाला. स्क्रीन, प्रोसेसर (लॅपटॉपचा मेंदू), बोर्डाला चिकटवलेली रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी), कीबोर्ड आणि बिजागरी पहिल्या दिवशी जशी मिळाली तशीच शेवटच्या वर्षापर्यंत राहते. एसएसडी (फाइल साठवणारा भाग) मात्र पुढे मोठी टाकता येते, स्लॉट म्हणजे जादा खाच असेल तर रॅम वाढवता येते, बॅटरीही बदलून मिळते. जाहिरातीत नेमक्या या बदलता येणाऱ्या गोष्टी मोठ्या अक्षरांत असतात. त्यामुळे लोक एक टीबी स्टोरेज बघून भुलतात आणि फिकट, धूसर स्क्रीन घरी आणतात.

पहिली पायरी: कोर्स काय मागतो ते विचारा

शक्य असेल तर कॉलेज सुरू होऊन दोन-तीन आठवडे जाऊ द्या. आपल्याच शाखेच्या सेकंड किंवा थर्ड इयरच्या मुलामुलींना विचारा: कुठली सॉफ्टवेअर लागली, लॅबमध्ये काय होतं, रूमवर काय करावं लागलं? शिक्षकांपेक्षा या उत्तरांतून जास्त कळतं, कारण सबमिशनच्या आदल्या रात्री नक्की कशावर काम चालतं ते त्यांना माहीत असतं.

आर्ट्स, लॉ, पत्रकारिता, साधं सायन्स यांना ब्राउझर, वर्ड, पीपीटी आणि पीडीएफ एवढंच पुरतं. त्यांनी चांगल्या स्क्रीन-कीबोर्डचा हलका लॅपटॉप घ्यावा, प्रोसेसरवर जादा पैसे घालू नयेत. कॉमर्सवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं: टॅली प्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. सरावासाठी ते विकत घ्यावं लागत नाही, एज्युकेशनल मोड फुकट आहे. त्यात नोंदी महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या तारखेलाच टाकता येतात, पण शिकायला तेवढं पुरतं.

बीसीएस, बीसीए, कॉम्प्युटर आणि आयटी इंजिनिअरिंगवाल्यांचं पहिलं वर्ष सी आणि पायथॉनमध्ये जातं. ते कुठल्याही मशीनवर चालेल. खरी गरज पुढे येते. अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीन, डॉकर अशी जड सॉफ्टवेअर आणि शेजारी ब्राउझरचे वीस टॅब म्हटले की ८ जीबी रॅम गुदमरते, १६ लागते. म्हणून आज ८ घेतली तरी वाढवता येईल असाच लॅपटॉप घ्या. मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टसाठी ग्राफिक्स कार्डाचा महागडा लॅपटॉप हवाच, असं सीनिअर सांगतील. पदवीच्या बऱ्याचशा प्रोजेक्टना गूगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून कोड चालवून देणाऱ्या सेवेवर, मिळणारं फुकट जीपीयू (ग्राफिक्स चिप) पुरतं.

मेकॅनिकल आणि सिव्हिलला विंडोजच हवं. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर ॲपलच्या मॅकवर सरळ चालत नाहीत. रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कची बहुतेक सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी मोफत मिळतात आणि शिकत असेपर्यंत दरवर्षी मुदत वाढवता येते, तेव्हा क्रॅक केलेली कॉपी शोधत बसू नका. त्या कॉप्यांतूनच व्हायरस येतात. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप हल्ली दिसतात, त्यांची बॅटरी खरोखर चांगली चालते. पण इंजिनिअरिंगची काही सॉफ्टवेअर आणि जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर त्यांवर चालत नाहीत, म्हणून या शाखांच्या मुलांनी ते टाळावेत.

आर्किटेक्चर आणि ॲनिमेशनचं गणित वेगळं आहे. तिथे रेंडरिंगसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच आणि ते कमी बजेटमध्ये बसत नाही. पहिलं वर्ष बरंचसं हातानेच ड्रॉइंग करण्यात जातं, तेव्हा वर्षभर थांबून पैसे साठवणं हा चांगला मार्ग आहे.

बाकी शाखांच्या मुलांनी गेमिंग लॅपटॉपच्या मोहात पडू नये असं मला मनापासून वाटतं. दोन किलोंच्या वरचं वजन, वर भलामोठा चार्जर, आणि बॅटरी दोन लेक्चर झाली की मान टाकणार. कात्रजहून शिवाजीनगरला भरलेल्या पीएमपी बसमध्ये उभ्याने रोज यायचं असेल, तर दीड किलो आणि अडीच किलोंतला फरक खांद्याला आठवडाभरात कळतो.

दुसरी पायरी: लेबल वाचायला शिका

इथे थोडा वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात किंवा वाया जातात.

इंटेलचा प्रोसेसर नुसता 'आय-५ आहे' यावरून काहीच कळत नाही. पुढचा आकडा बघा. आय-३ १२१५यू मध्ये १२ म्हणजे बारावी पिढी. आय-५ ८२५०यू मध्ये ८ म्हणजे आठवी. बाराव्या पिढीचा हा आय-३ आठव्या पिढीच्या त्या आय-५ पेक्षा वेगवान आहे. शेवटचं यू हे अक्षर कमी वीज खाणाऱ्या चिपचं. आता इंटेलने नव्या चिपच्या नावातून 'आय' काढून टाकलंय, त्यामुळे कोअर ३, कोअर ५, कोअर अल्ट्रा अशी नावं दिसतील. 'कोअर ५ १२०यू' असं लिहिलेलं बघून गोंधळू नका. ती साध्या कामाला उत्तम चिप आहे.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या रायझन चिपमध्ये खरी खोच आहे. ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा चिपचा आराखडा किती जुना ते सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ हा जुना आराखडा, आणि कोअर (चिपच्या आतले काम करणारे भाग) चार. रायझन ५ ७५३०यू मध्ये तो ३, म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. नावात फरक एका आकड्याचा, कामात मात्र मोठा. शिवाय ७५२०यू सोबत येणारी रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, म्हणून ८ जीबीचा घेतला तर तो कायम ८ जीबीचाच राहतो. दुकानात दोन्ही 'रायझन फाइव्ह, सेव्हन थाउजंड सिरीज' म्हणूनच विकले जातात. आकडा मागा, बॉक्सवर बघा.

सेलेरॉन, किंवा हल्ली नुसतं 'इंटेल प्रोसेसर एन१००' अशा नावाने येणाऱ्या चिपवर तीन-चार वर्षांची पदवी काढायचा विचार करू नका. टायपिंग होईल, पण त्यासोबत ऑनलाइन लेक्चर चालू केलं की सगळं अडखळू शकतं.

रॅमबद्दल दुकानात एकच प्रश्न विचारा: "स्लॉट किती आहेत आणि त्यातला मोकळा किती?" ८ जीबी बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा असेल तर उत्तम. पुढे ८ जीबीची एक स्टिक टाकली की १६ जीबी होते आणि रॅम दोन चॅनेलवर (एकाच वेळी दोन वाटांनी) चालू लागल्याने आतलं ग्राफिक्सही सुधारतं. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव जगभर चढलेत. मागच्या वर्षी मित्राने ज्या किमतीत घेतला त्या किमतीत तोच लॅपटॉप मिळेल असं धरून चालू नका. बजेटमध्ये १६ जीबी बसत असेल, तर 'नंतर स्वस्तात टाकू' या भरवशावर राहण्यापेक्षा आत्ताच घेतलेली बरी.

स्टोरेज ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान जातीची) एसएसडी असावी, हात आखडत असेल तर २५६ चालेल. लेबलवर ईएमएमसी लिहिलं असेल तर तो लॅपटॉप तिथेच ठेवा, मोबाइलसारखी ती चिप हळू असते आणि बदलता येत नाही.

स्क्रीन फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८०. अजूनही स्वस्तातल्या काही लॅपटॉपना १३६६ गुणिले ७६८ ची स्क्रीन येते. मराठीत टाइप करणाऱ्याला तिचा विशेष त्रास होतो, कारण जोडाक्षरं आणि रफार एकमेकांत मिसळतात. पॅनेल आयपीएस, म्हणजे बाजूनेही नीट दिसणारं, आहे का तेही बघा. साधी परीक्षा म्हणजे लॅपटॉप टेबलावर ठेवून उभे राहा, बाजूला सरका. रंग उलटेपालटे दिसले तर तो बहुधा टीएन या स्वस्त जातीच्या पॅनेलचा आहे.

बॅटरीच्या बाबतीत 'दहा तास चालते' या वाक्याकडे लक्ष देऊ नका, वॅट-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा, आकडा शोधा. ४२ वॅट-अवरची बॅटरी आणि सरासरी ८ वॅट खाणारं काम असेल तर पाच तासांच्या आसपास मिळतात. पन्नासच्या पुढे असेल तर निवांत. पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी, आणि प्रत्येक होस्टेलला इन्व्हर्टर नसतो. टाइप-सी ने चार्ज होणारा मिळाला तर प्राधान्य द्या. चार्जर बिघडला तर मित्राच्या ६५ वॅटच्या चार्जरवर रात्र निघते.

तिसरी पायरी: कुठे घ्यायचा

आधी एखाद्या मोठ्या शोरूममध्ये जा, पण त्या दिवशी विकत घेऊ नका. क्रोमा, विजय सेल्ससारख्या ठिकाणी डझनभर लॅपटॉप उघडे ठेवलेले असतात. प्रत्येकावर मराठी-इंग्रजी दोन-चार ओळी टाइप करून बघा. कीबोर्डच्या मधोमध दाबल्यावर तो खाली दबतो का, एका हाताने झाकण उघडताना बिजागरी करकरते का, हे कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा तुमच्या बोटांना जास्त कळतं. मॉडेलच्या पूर्ण कोडचा फोटो काढा. पूर्ण म्हणजे शेवटच्या अक्षरांपर्यंत. एकाच नावाच्या मालिकेत दहा-पंधरा प्रकार असतात, त्यांत रॅम, स्क्रीन, वॉरंटी सगळं वेगळं असतं. ऑनलाइन तुलना नावाची केलीत तर फसाल, कोडची करा.

ऑनलाइन घेतलात तर पार्सल फोडल्यापासून लॅपटॉप सुरू होईपर्यंतचा सलग व्हिडिओ काढा. लॅपटॉपवर बऱ्याचदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदलून मिळतो, तोही मोजक्या दिवसांत. होस्टेलच्या पत्त्यावर मागवणार असाल तर वॉचमनकडे ठेवून जायला सांगू नका.

शहरातल्या संगणकाच्या दुकानांत घासाघीस होते, बऱ्याचदा माउस आणि बॅग त्यातच मिळते आणि बिघडल्यावर चेहरा ओळखीचा असतो. मात्र तुमच्या नावाचं, सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल हवंच. 'बिलाशिवाय दोन हजार कमी' हा सौदा मुळीच करू नका. दुसरं म्हणजे, विंडोज नसलेला म्हणजे डॉसवाला लॅपटॉप स्वस्त दाखवून त्यात 'आम्ही विंडोज टाकून देतो' म्हणतात. ते बहुधा चोरीचं असतं. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरणार असाल तरच डॉसवाला घ्या.

बॅग, हब, केबल अशा वस्तूंसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच, मंडई मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. चार्जर मात्र कंपनीचाच घ्या, किंवा निदान त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

बजेट तीस हजारांच्या आत असेल तर: जुना घ्या, पण तपासून

या किमतीत नवा कमजोर लॅपटॉप घेण्यापेक्षा कंपन्यांनी वापरून बाहेर काढलेला बिझनेस लॅपटॉप घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ हे २०१८ च्या सुमाराचे लॅपटॉप आहेत. तिघांतही रॅमचे दोन स्लॉट आहेत, कीबोर्ड दणकट आहेत, सुटे भाग मिळतात. टी४८० ला तर बाहेरून काढता येणारी बॅटरी आहे.

खरेदीची रेषा आठव्या पिढीवर ओढा. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि रायझनच्या लॅपटॉपमध्ये साधारण ३००० मालिकेपासून पुढे चालतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा आय-७ कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

दुकानात बसून पुढच्या गोष्टी करा. घाई केली जात असेल तर उठून या.

मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून विंडोज सुरुवातीपासून सेट करायला लावा. सेटअपमध्ये एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या व्यवस्थेत नोंदलेला आहे. आज दुकानदार युक्तीने पुढे जाईल, पण उद्या फॉरमॅट केलात की पुन्हा तिथेच अडकाल. मग बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग, उघडा. पासवर्ड मागितला तर नको. बायोसमधला सीरियल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा नंबर जुळतो का बघा.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी' (पॉवर हा पूर्ण शब्द, त्याला जोडून सी, एफ, जी), मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि त्याला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करा. तयार होणाऱ्या अहवालात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. एसएसडीसाठी क्रिस्टल डिस्क इन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा, त्यात आरोग्याची टक्केवारी दिसते.

पांढरं, काळं, लाल असे पूर्ण स्क्रीनभर रंग लावून डाग शोधा. प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घाला. कॅमेरा, माइक, हेडफोन, वायफाय बघा. सगळ्या कळा दाबा. या बिझनेस लॅपटॉपमध्येही कमी रिझोल्यूशनची स्क्रीन आलेली असते, तशी नाही ना, याची सेटिंगमध्ये जाऊन खात्री करा. शेवटी सेटिंग, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन उघडून विंडोज ॲक्टिव्ह आहे ना ते बघा. बिलावर निदान तीन महिन्यांची वॉरंटी लिहून घ्या, तोंडी नको.

अनोळखी माणसाकडून ऑनलाइन जाहिरात बघून घेणार असाल, तर मूळ बिल मागा. बिल नसेल तर चोरीचा माल असू शकतो.

पैशांचं गणित

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट किमतीत दाखवतात, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. शिवाय रोख किंवा पूर्ण रकमेच्या कार्ड पेमेंटवरची सूट बऱ्याचदा जाते. दोन्ही एकूण रकमा कागदावर लिहून मग ठरवा.

शैक्षणिक कर्ज घेत असाल तर बँकेत आवर्जून विचारा. कोर्ससाठी गरजेचा असेल तर लॅपटॉपचा वाजवी खर्च कर्जात धरता येतो. त्यासाठी कॉलेजचं पत्र आणि कोटेशन लागू शकतं, म्हणून आधी विचारा, नंतर खरेदी करा.

एमएस ऑफिस वेगळं विकत घेऊ नका. कॉलेजचा ईमेल मिळाला की मायक्रोसॉफ्टची विद्यार्थी योजना तुमच्या कॉलेजला आहे का बघा. नसेल तर लिब्रे ऑफिस मोफत आहे. वाढीव वॉरंटीपेक्षा पडणं-सांडणं धरणारं संरक्षण घ्या. होस्टेलमध्ये लॅपटॉप आपोआप बिघडण्यापेक्षा कॉटवरून पडतो किंवा त्यावर चहा सांडतो.

रूमवर आणल्यावर, त्याच दिवशी

मायक्रोसॉफ्टचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, दुकानदाराच्या नाही. लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर ते याच खात्याला जोडलं जातं आणि दुसऱ्याच्या खात्यात गेलं की परत मिळवणं कठीण. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते, तिची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, खात्यात साठते. ती उघडून वहीत उतरवून ठेवा. पुढे दुरुस्तीनंतर निळ्या पडद्यावर तीच ४८ आकडी की मागितली जाते, आणि नसली तर जर्नल, प्रोजेक्ट सगळं आत अडकतं. बॅकअपसाठी गूगल ड्राइव्हचे १५ जीबी मोफत आहेत, सबमिशनच्या फाइल त्यात टाकत राहा.

भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडा, तो विंडोजमध्येच असतो. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर चालू करा, म्हणजे दिवसभर प्लगला लावूनही बॅटरी लवकर दमत नाही.

पहिले सात दिवस भरपूर वापरा. दोष असेल तर बदलून मिळायची मुदत तेवढीच असू शकते. दुकान किंवा ऑनलाइन विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तक्रारीसाठी बिल जवळ ठेवा. त्या बिलाचा, बॉक्सवरच्या सीरियल नंबरचा आणि लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरचा फोटो काढून घरी आईवडिलांच्या मोबाइलवरही पाठवा. एसटीत किंवा अभ्यासिकेत लॅपटॉप चोरीला गेला तर पोलीस पहिल्यांदा तोच नंबर विचारतात.